लाईट बिल मोठं आलं, आता काय करायचं?

(बचत गटांच्या बायांसाठी झालेलं रेडिओ भाषण)

 

मागच्या वेळी आपण पेरणीच्या खर्चाबद्दल बोललो होतो. आज बोलायचं आहे ते लाईट बिलाबद्दल. उन्हाळा सरत आला, सोयाबीनचं बियाणं घ्यायचं आहे, पोरांची शाळा तोंडावर आली आहे, आणि नेमकं तेव्हाच मे महिन्याचं बिल दारात येतं. गटाच्या बैठकीत कुणी तरी हळूच म्हणते, "बाई, यंदा लाईट बिलासाठी गटातून दोन हजार भेटतील का?" कुणी म्हणते, "मी तं चार महिन्यांपासून भरलंच नाही. काहून भरू? येवढं वापरलंच नाही आम्ही."

दोघींचीही अडचण खरी आहे. पण एक कर्ज काढून बिल भरते आणि दुसरी न भरता बसते, आणि बिलावर काय लिहिलं आहे ते दोघींनीही पाहिलेलं नसतं. म्हणून आज आम्हाला मुख्य गोष्ट एकच सांगायची आहे. मोठं बिल तीन प्रकारचं असतं: चुकलेलं, न झेपणारं आणि जुन्या थकबाकीचं. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. आपलं बिल यातलं कोणतं, ते आधी ओळखायचं. त्याआधी पैसे उसने घेऊ नका, आणि बिल कोनाड्यातही टाकू नका.

आधी बिल वाचा

बिल हातात घ्या आणि मीटरजवळ जा. चष्मा लागत असेल तर सुनेला किंवा शाळेतल्या पोरीला बोलवा. चार गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली, चालू रीडिंग आणि मागील रीडिंग. चालूमधून मागील वजा केलं की या महिन्याचे युनिट निघतात. आता मीटरवरचा आकडा पाहा. तो बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा थोडा पुढे असायला हवा, कारण रीडिंग घेऊन काही दिवस झालेले असतात. मीटरवरचा आकडाच बिलापेक्षा कमी असेल, तर रीडिंग चुकलं आहे हे तिथंच कळलं.

दुसरी, रीडिंगच्या जागी काही शब्द लिहिला आहे का. घराला कुलूप होतं, मीटरपर्यंत पोचता आलं नाही, रीडिंग मिळालं नाही, मीटर नादुरुस्त आहे, अशी नोंद असेल तर ते बिल सरासरीने काढलेलं असतं, खरं मोजलेलं नसतं.

तिसरी, थकबाकी. पुष्कळदा या महिन्याचं बिल सहाशेचंच असतं, आणि मागचे न भरलेले पैसे व व्याज मिळून ते तीन हजार दिसतं.

चौथी, आपलं कनेक्शन कोणत्या वर्गात आहे. घरगुती आहे, दारिद्र्यरेषेखालचं आहे की वाणिज्यिक, म्हणजे दुकानाचं, हे बिलावर छापलेलं असतं. युनिट तेवढेच असले तरी वर्ग बदलला की पैसे बदलतात.

बिल चुकलेलं असेल तर

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो रीडिंग तुंबल्यामुळे. घरगुती विजेचे दर पायऱ्यांनी चढतात. महिन्याला पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० त्याहून महाग, आणि पुढे अजून महाग. दुसऱ्या पायरीचा दर पहिलीपेक्षा बराच जास्त आहे. आता समजा, एका घरात महिन्याला ७० युनिट लागतात. दोन महिने रीडिंगच घेतलं नाही आणि तिसऱ्या वेळी एकदम २१० युनिट दाखवले. ते सगळे एकाच महिन्याचे धरले, तर ११० युनिट महागाच्या पायरीवर जातात. खरं तर ते तीन महिन्यांत वाटले पाहिजेत. मग दर महिन्याचे ७० म्हणजे सगळे पहिल्याच पायरीवर बसतात. तेव्हा तुंबलेलं बिल आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: "हे युनिट किती महिन्यांत वाटून दर लावला आहे?"

२०२० चा उन्हाळा आठवतो ना? टाळेबंदीत मार्चच्या शेवटापासून मीटर रीडिंग बंद झालं. लोकांना सरासरीची बिलं आली. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झालं आणि ऐन उन्हाळ्यातला सगळा वापर एकाच बिलात उतरला. महाराष्ट्रभर ओरड झाली. त्या वेळी महावितरणने बिल तीन हप्त्यांत भरायची सोय दिली, आणि एकरकमी भरणाऱ्याला २ टक्के सूट दिली. पूर्ण माफीची मागणीही जोरात झाली, पण ती मान्य झाली नाही. माफी येईल म्हणून जे थांबले, त्यांच्या डोक्यावर थकबाकी चढली. ज्यांनी बिल तपासून घेतलं आणि हप्ते पाडून घेतले, त्यांची त्यातून सुटका झाली. ही शिकवण आजही कामाची आहे.

मीटरच बिघडला असेल, तर तपासणीसाठी लेखी अर्ज करता येतो. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे, मीटर बंद पडला असेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांचंच सरासरी बिल लावता येतं, आणि ती सरासरी त्याआधीच्या बारा महिन्यांच्या मोजलेल्या वापरावरून काढायची असते. वर्षभर सरासरीचंच बिल येत असेल तर गप्प राहू नका. मीटर बदलायला माणूस आला, तर जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा आणि नव्यावरचा पहिला आकडा त्याच्यासमोर वहीत लिहा, शक्य असेल तर फोटो काढा. पुढे वाद झाला तर तोच पुरावा असतो.

आता वर्गाबद्दल. आपल्या कितीतरी बाया घरातच पापड-शेवया करतात, शिवणकाम करतात, पुढच्या खोलीत छोटं किराणा दुकान चालवतात. घराच्या एका भागात असा छोटा उद्योग असेल, आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या व वर्षाला ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. बिलावर वाणिज्यिक लिहिलं असेल, तर त्यासाठीही अर्ज द्या.

अर्ज नेहमी लेखी द्या. "साहेबांना सांगून आलो" हा पुरावा होत नाही. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, सही व तारीख घेऊन घरी आणा. मजकूर इतकाच पुरे:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक आहे. अमुक महिन्याच्या बिलात चालू रीडिंग इतकं दाखवलं आहे. आज मीटरवर इतकं रीडिंग आहे. बिल दुरुस्त करून मिळावं. मीटरची तपासणी करावी. दुरुस्ती होईपर्यंत वीजपुरवठा खंडित करू नये." खाली नाव, सही किंवा अंगठा, मोबाईल नंबर. सोबत बिलाची झेरॉक्स.

तक्रार फोनवरही नोंदवता येते. महावितरणचे निःशुल्क क्रमांक १९१२ आणि १८००-२३३-३४३५ हे आहेत. तक्रारीचा नंबर मिळतो, तो वहीत लिहून ठेवा.

बिलाचा वाद चालू असताना लाईन कापतील ही भीती असते. त्यासाठी वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये सोय आहे. मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलाच्या सरासरीने दर महिन्याची होणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती "हरकत नोंदवून" भरायची. असे पैसे भरले, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे दर महिन्याला पाचशे भरणाऱ्या बाईला एकदम सहा हजारांचं चुकीचं बिल आलं, तर सहा हजार भरा नाही तर अंधारात बसा, असं कुणी म्हणू शकत नाही. अर्जात "कलम ५६ प्रमाणे हरकत नोंदवून रक्कम भरत आहे" एवढं वाक्य लिहा.

कार्यालयात काम झालं नाही, तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. हा मंच कायद्यानेच नेमलेला आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथं जावं लागतं. वकील लावायची गरज नाही, आपण स्वतः बोलू शकतो. आपल्या भागाच्या मंचाचा पत्ता वीज कार्यालयात विचारा, तो सांगणं त्यांना भाग आहे. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. विदर्भासाठी त्यांचं कार्यालय नागपूरला आहे.

बिल बरोबर आहे, पण झेपत नाही

आता दुसरा प्रकार. रीडिंग जुळलं, वर्ग बरोबर आहे, थकबाकी नाही, तरी बिल मोठंच आहे. मग आपल्याच घरात पाहायचं.

१००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतो. ७५ वॅटचा साधा पंखा बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. दोन पंखे असले तर ५४. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही. २०० वॅटचा कूलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ६० युनिट. दोन पंखे आणि एक कूलर मिळूनच ११४ झाले. टीव्ही, फ्रीज, टिल्लू पंप अजून बाकीच आहेत. म्हणजे हिवाळ्यात पहिल्या पायरीवर असणारं घर मे महिन्यात दुसऱ्या पायरीवर चढतं. बिल वापरापेक्षा जोरात वाढतं ते त्यामुळे. यात कुणी फसवलेलं नसतं.

कूलर बंद करा, असं आम्ही सांगणार नाही. घरात म्हातारी माणसं, लेकरं आहेत, आणि आपल्याकडचं ऊन जीव घेतं. पण पाणी तापवायचा रॉड एका तासात एक ते दीड युनिट खातो. तिथं उन्हात ठेवलेली बादली किंवा चूल काम देते. जुना ६० वॅटचा गोळा असेल तर तो काढून ९ वॅटचा एलईडी लावा. नवा पंखा घ्यायचाच असेल तर कमी विजेचा, ३० ते ३५ वॅटचा मिळतो. थोडा महाग असतो, पण त्याला निम्म्याहून कमी युनिट लागतात.

एवढं करूनही एकदम भरणं होत नसेल, तर शेवटच्या तारखेच्या आधी कार्यालयात जाऊन हप्ते पाडून मागा. पुन्हा लेखीच. "मी इतके आज भरते, बाकीचे इतक्या हप्त्यांत भरीन" असा आपला हिशेब आपणच घेऊन जा. जेवढा हप्ता खरंच झेपेल तेवढाच सांगा. हप्ता मोडला तर दुसऱ्यांदा सवलत मिळणं अवघड जातं. आणि मुदत टळली की बिलावर सव्वा टक्का विलंब आकार लागतो, पुढे व्याज सुरू होतं.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी वेगळा, बराच कमी दर आहे. पण त्याला अट आहे: मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर ३६० युनिटच्या आत. महिन्याला ३० युनिट म्हणजे एक पंखा आणि एक-दोन दिवे. एकट्या राहणाऱ्या आजीबाईचं घर यात बसतं. भरल्या घराला ते कठीण जातं. तुमच्या गावात अशी एकटी म्हातारी असेल, तर तिच्या बिलावर कोणता वर्ग लिहिला आहे, ते गटानेच जाऊन पाहावं.

इथं दोन गैरसमजही दूर करू. एक, "सौभाग्य योजनेत लाईट फुकट भेटली, मग बिल काहून येते?" २०१७ ची ती योजना कनेक्शन देण्याची होती. जोडणी फुकट होती, वीज नव्हे. दुसरा, "वीज माफ झाली म्हणतात." २०२४ ची मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना शेतीच्या साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी आहे. घराच्या मीटरला ती लागू नाही. या भरवशावर घरचं बिल थांबवू नका.

छत स्वतःचं असेल तर सौर पॅनेलचा विचार करता येतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटचं पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट वीज करतं. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्या गरीब घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली. तीत एक किलोवॅटसाठी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने २,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने ५,००० आणि इतरांनी १०,००० रुपये भरायचे आहेत. तिच्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणून अर्ज सुरू आहेत का, हे आधी कार्यालयात विचारा. जुनी थकबाकी असेल तर ती आधी मिटवा. आणि घरोघर फिरणाऱ्या एजंटाच्या हातात रोख पैसे देऊ नका.

जुनी थकबाकी असेल तर

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण तो बहुतेक वेळा दुःखाच्या मागोमाग येतो. घरधनी जातो, मीटर त्याच्या नाही तर सासऱ्याच्या नावावर असतं. बाई म्हणते, "माह्या नावावर काहीच नाही, मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

बाई, तुम्ही जाऊ शकता. वीज कायद्यात ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाने बिल आहे तेवढाच नव्हे. ज्याच्या घराला वीज जोडलेली आहे, तोही ग्राहकच. त्या घरात तुम्ही राहता, म्हणून तक्रार करायचा, हप्ते मागायचा अधिकार तुमचा आहे. सवड मिळाली की मीटर आपल्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि आधार कार्ड घेऊन जा. आणखी काय लागतं ते कार्यालयात लिहून मागा. त्याच वेळी आपला मोबाईल नंबर मीटरला जोडून घ्या. पुष्कळ घरांत पुण्याला गेलेल्या पोराचा नंबर जोडलेला असतो. सगळे संदेश त्याला जातात आणि इथं घरी काहीच कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीची एखादी रक्कम मधल्या बिलांमध्ये थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल आणि आता अचानक मागितली असेल, तर ती वसूल करता येत नाही, असं कलम ५६ मध्येच आहे. म्हणून जुनी बिलं फेकू नका. पिशवीत घालून खिळ्याला टांगून ठेवा.

अधूनमधून अभय योजना येते. लाईन कायमची कापलेल्यांसाठी २०२४ मध्ये ती आली होती. मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ, अशी तिची रीत होती. अशी योजना निघाली की आपल्या रेडिओवर आम्ही सांगूच. पण येईल म्हणून वाट पाहत बसू नका. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. ती तडजोडीची जागा आहे, तिथं व्याज कमी करून मागता येतं. आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या नंबरवर फोन करा.

लाईन कापायला आले तर

बिल थकलं तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाईन कापता येत नाही. ही नोटीस कागदावर येते तशी नोंदवलेल्या मोबाईलवरही येऊ शकते. कुणी आलं तर शांतपणे विचारा, "नोटीस कोणत्या तारखेची आहे?" भांडू नका, लाईनमनच्या अंगावर जाऊ नका. तो हुकमाचा माणूस आहे.

पण "आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा संदेश आला, तर ती चोरी समजा. फोन करू नका, लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका. शंका असेल तर १९१२ वर विचारा.

आणि लाईन कापली म्हणून तारेवर आकडा टाकू नका. वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून मोठी भीती म्हणजे पावसाळ्यात त्या उघड्या तारेने घरचंच माणूस जातं.

गटाने काय करावं

शेवटचं सांगतो. लाईट बिलासाठी कुणी गटाकडे कर्ज मागितलं, तर नाही म्हणू नका, पण आधी बिल मागा. बैठकीत दहा मिनिटं बिल वाचायला ठेवा. प्रत्येकीने दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहावा. तीन महिन्यांत आपल्या घरचा वापर आपल्याला पाठ होतो, आणि चुकलेलं बिल लगेच नजरेत भरतं. चुकलेल्या बिलाला गटाचं कर्ज द्यायचं नाही, अर्ज लिहून द्यायचा. खऱ्या बिलाला आधी हप्ते मागायचे, आणि कमी पडेल तेवढंच कर्ज द्यायचं. कार्यालयात एकटीने जायला संकोच वाटतो, म्हणून दोघी-तिघींनी मिळून जा.

येत्या बैठकीला येताना बिल बरोबर आणा, आणि निघण्याआधी मीटरवरचा आकडा लिहून घ्या. तेवढ्याने सुरुवात होते.